ताट्यांमागचं दफ्तर

दुपारचे दोन वाजले होते. लू, म्हणजे भाजून काढणारा उन्हाळी वारा, अशी सुटली होती की ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात टांग्याचा घोडासुद्धा डोळे मिटून उभा होता, आणि सुनंदा मात्र जिन्याखालच्या मीटरसमोर घामानं निथळत उभी होती. इमारतीतला एकूण एक दिवा तिनं स्वतःच्या हातानं बंद केला होता. मोटर बंद. रिकाम्या दुकानांचे खटके बंद. लीलाताईंच्या दवाखान्यातला एकुलता एक पंखासुद्धा ती "दोनच मिनिटं हं, लीलाताई" असं लाडीगोडी लावून बंद करून आली होती. म्हणजे आता या अख्ख्या इमारतीत वीज खाणारं काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

आणि काचेमागची मीटरची चकती आपली फिरत होती. संथ, निवांत, कुणीतरी आत बसून जातं ओढावं तशी.

सुनंदानं डोळे चोळले. चकतीवरची लाल खूण डावीकडून आली, उजवीकडे गेली, परत डावीकडून आली.

"बाप रे," ती म्हणाली, आणि मग तिचा स्वतःचाच आवाज जिन्यात घुमला तेव्हा तिला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

नववीत विज्ञानात शंभरापैकी एक्क्याऐंशी मार्क पडल्यापासून सुनंदाला जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला समजू शकते असं वाटायला लागलं होतं. म्हणूनच आठ दिवसांपूर्वी बाबांना लू लागली, ताप चढला, आई त्यांच्या तळपायांना कांदा चोळत बसली, तेव्हा हिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बाबा, मोटर मी बघते, टाकी मी बघते, मीटर मी बघते. तुम्ही नुसतं पडून राहा." दिनकररावांना हसायचंही त्राण नव्हतं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उशीखालून काढून तिच्या हातात दिला.

दिनकररावांची पूर्वीची नोकरी दरबाराच्या खाजगी खात्यातली. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, मध्यभारतही गेलं आणि भोपाळची राजधानी आली. दर वेळी एकेक खातं बंद होत होत शेवटी दिनकररावांचं टेबलच कुणीतरी उचलून नेलं. मग एका सरदारांच्या ओळखीनं बाड्याजवळच्या या इमारतीचं कारभारीपण मिळालं, आणि राहायला फाटकाजवळच्या दोन खोल्या. सरदारसाहेब स्वतः पुण्याला. त्यांचं एक पत्र आलं होतं: दवाखाना आहे तोवर इमारत चालू ठेवावी, तोही गेला तर कुलूप लावून किल्ल्या पाठवून द्याव्यात. कुलूप लागलं की कारभारी कशाचा, आणि दोन खोल्या कशाच्या? आईनं ते पत्र देवामागे ठेवलं होतं. का, ते तिलाच ठाऊक.

इमारत तशी ऐटदार. खाली आठ गाळे, वर अख्खा मजला सरकारी दफ्तराचा, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. पण गेल्या नोव्हेंबरात दफ्तर भोपाळला गेलं. चार ट्रक भरून कागद गेले, टेबलं-खुर्च्या गेल्या, पुढच्या दाराला लाखेची मोहर लागली. आणि दफ्तरावर जगणारे खालचे लोक, स्टँपवाला, टायपिंगवाला, चहावाला, एका महिन्यात असे पांगले जसे पाणी हटल्यावर बगळे. संक्रांतीला एका गाळ्यात लीलाताईंचं प्रसूतिगृह आलं, तेवढंच.

आणि तेवढ्याला पाणी पुरत नव्हतं!

विहीर आटत आलेली. मोटर सकाळी पाऊण तास चालली की तळ खडखडायला लागायचा. तेवढ्यात टाकी काठोकाठ भरायची आणि तेच दिवसाचं पाणी. एका दवाखान्याला ते दोन दिवस पुरावं. सुनंदानं वहीत हिशेब मांडून पाहिला होता. पण चैत्र सरत आला आणि दुपारी एकच्या सुमारास टाकी रिकामी व्हायला लागली. गळती शोधली. नाही. वरच्या मजल्याची चावी घट्ट बंद केली. तरी टाकी रिकामी. आता त्यात ही वीज.

"कुणी नाही ना वर?" तिनं घरी जाऊन बाबांना विचारलं.

"मोहर आहे दाराला," दिनकरराव डोळे मिटूनच म्हणाले. "मोहर तुटली का?"

"नाही."

"मग कोण असणार? झोपू दे मला."

पण दवाखान्याचे कंपाउंडर संभाजीराव, ते मात्र झोपायला तयार नव्हते. सुनंदा पंखा चालू करायला आली तेव्हा ते बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत बसले होते. त्यांनी डिंकाचं बोट वर केलं.

"कृष्णराव."

"कोण कृष्णराव?"

"वरचे हेडक्लार्क. मी नाही पाहिले, पानवाला सांगतो. बदलीचा कागद हातात पडला, आणि त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं ते ठेवलंच. दिवाळीच्या आधी आठ दिवस. सगळं दफ्तर भोपाळला गेलं, पोरी. एक माणूस नाही गेला."

"मग ते वीज कशाला जाळतील?"

"गरम होत असेल."

"भुताला?"

"भूत झालं म्हणून काय झालं? ग्वाल्हेरचा वैशाख आहे हा!"

सुनंदा हसली, तेवढ्यात आतल्या खोलीतून लीलाताई बाहेर आल्या. लीलाताई ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि त्यांना थट्टा अजिबात चालत नसे.

"भूत असो नाहीतर देव असो," त्या म्हणाल्या, "मला बाळ धुवायला पाणी लागतं. काल बाळंतिणीच्या अंगावर घालायचं पाणी मी समोरच्या हलवायाकडून मागून आणलंय, सुनंदा. लाज वाटली मला. सोमवारी दोन वाजता या नळाला पाणी नसेल, तर मंगळवारी सकाळी मी हातगाड्या बोलावते. कंपू मोहल्ल्यात जागा बघून ठेवली आहे."

"लीलाताई, बाबांना बरं वाटू दे, मग..."

"बाळं थांबत नाहीत गं, बाबांना बरं वाटेपर्यंत."

सुनंदा बाहेर आली आणि देवामागचं पत्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आज शनिवार. सोमवारपर्यंत कुणी काही केलं तर ते तिनंच करायचं होतं.

ती वर गेली. अगदी धाडसानं गेली असं म्हणायला हरकत नाही, फक्त नवव्या पायरीवर तिचे पाय थांबले. तळव्यांना दगड गार लागला. वैशाखात, भर दुपारी, जिथं भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो, तिथं जिना गार! एकेक पायरी चढावी तसा तो गारवा वाढत गेला. दारापाशी पोचली तर खालच्या फटीतून वारा येत होता. ओला. त्याला वाळ्याचा वास होता, माठातल्या पाण्यासारखा, कुणी नुकतंच अत्तराचं बोट कानामागे लावून गेल्यासारखा.

लाखेची मोहर जिथल्या तिथं होती. तिच्यावर धूळ होती. सहा महिन्यांची धूळ, त्यावर बोटाची खूणसुद्धा नाही.

आत पंखे घरघरत होते. आणि कुठंतरी पाणी टपटपत होतं.

सुनंदानं दाराला कान लावला. लाकूड गार. तिला एकदम वाटलं, आतल्या बाजूनंही कुणीतरी असाच कान लावून उभं आहे. मग विज्ञान राहिलं बाजूला, एक्क्याऐंशी मार्क राहिले बाजूला, आणि ती धडाधड पायऱ्या उतरून थेट फाटकापर्यंत पळत आली.

रविवारी मात्र कमालच झाली. सुनंदा भीत भीत मीटरपाशी गेली, सगळं बंद केलं, आणि बघते तो चकती गप्प. पाच मिनिटं ती डोळ्यात तेल घालून उभी राहिली. लाल खूण हलली नाही. दुपारी टाकीत काठी घालून पाहिली तर पाऊणाच्या वर पाणी. जिना तापून तव्यासारखा झालेला. संध्याकाळी लीलाताईंच्या नळाला धो धो धार.

"संभाजीराव!" ती ओरडतच दवाखान्यात शिरली. "तुमचं भूत रविवारची सुट्टी घेतं!"

संभाजीरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सरकारी आहे ना," ते गंभीरपणे म्हणाले. "बरोबर आहे."

पण रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या सुनंदाच्या मनातून ते जाईना. भूत असतं तर ते वार बघत नाही. वार बघतो तो माणूस. मग माणूस मोहर न तोडता आत जातो कसा? आणि माणूस असेल तर तो सहा महिन्यांपूर्वी निघून गेलेल्या दफ्तरात, रिकाम्या खोल्यांत, दिवसभर करतो काय? खरं सांगायचं तर भुतापेक्षा तिला आता त्या माणसाचीच जास्त भीती वाटायला लागली.

सोमवारी ती सकाळी साडेनऊपासून मीटरसमोर बसली. बाड्यावरच्या घड्याळात दहाचे टोले पडायला लागले. दहावा टोला पडला, आणि चकती हलली. आधी जरा अडखळली, मग तिनं आपली चाल धरली.

सुनंदा उठली. जिन्यानं वर न जाता ती सरळ गच्चीवर गेली, कारण विजेचा माग डोळ्यांना दिसत नाही, पाण्याचा दिसतो. टाकीतून निघणारे नळ तिनं एकेक करून हातानं चाचपले. हा मोठा दवाखान्याचा, हा दुकानांचा, हा वरच्या मजल्याचा, त्याची चावी बंद. आणि मग टाकीच्या मागच्या अंगाला, भिंतीच्याच रंगात रंगवलेला, बोटाएवढा बारीक एक नळ. त्याला चावीच नव्हती. तो कठड्यावरून मागच्या बाजूला उतरला होता. तिनं त्यावर हात ठेवला. नळ बर्फासारखा गार होता आणि थरथरत होता. आत पाणी धावत होतं.

मागच्या बाजूला इमारतीच्या कुणी जातच नसे. तिथं गुदामांच्या पाठी होत्या आणि मधे एक अरुंद बोळ. सुनंदा बाड्याला वळसा घालून, डोक्यावर ओढणी घेऊन त्या बोळात शिरली. बोळाच्या टोकाला इमारतीचा मागचा भाग. तिथं एक छोटं दार, ते नुसतं लोटलेलं, आणि आत एक गोल फिरत जाणारा लोखंडी जिना. हा जिना आहे हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. तिची खात्रीच होती.

लोखंड तापलेलं. ती चपला घालून, ओढणीनं कठडा धरत वर चढली.

वर एक लांबच लांब गॅलरी होती. गॅलरीत पाच दारं, आणि पाचही दारांवर बाहेरून वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या, भरगच्च, वितीएवढ्या जाड. ताट्यांच्या माथ्यावरून तो बारीक नळ गेला होता, मधल्या ताटीशी त्याची चावी, पुढं त्याला भोकं पाडलेली, आणि त्यातून पाणी झिरपत झिरपत ताट्यांमधून खाली येत होतं, गॅलरीभर पसरत होतं, कोपऱ्यातल्या मोरीतून बोळात जात होतं. सगळं, सगळं दवाखान्याचं पाणी!

आणि मधल्या ताटीसमोर एक माणूस उभा होता. तिच्याकडे पाठ. खाकी लष्करी कोट, इतका जुना की रंग मातीचा झालेला. डोक्याला पागोटं. ताटीच्या लाकडी चौकटीवर त्यानं एक पंजा सपाट टेकवला होता, आणि तो हलत नव्हता. जरासुद्धा नाही.

"कोण आहे?" सुनंदानं विचारलं.

ती एक पाऊल पुढं सरकली.

"कोण आहे तिथं?"

पाणी टपटपत होतं. आत पंखे घरघरत होते.

"कृष्णराव?" हे तिच्या तोंडून कसं निघालं तिलाच कळलं नाही. आवाज असा फाटला की समोरच्या गुदामावरची कबुतरं उडाली. पण तो माणूस वळला नाही.  पळायला तिनं एक पाय मागं घेतला. आणि मग तिला दिसलं की त्याच्या कानशिलावरून घामाचा एक ओघळ मानेत उतरतोय. भुताला घाम येत नसावा. निदान एवढा तरी नाही.

तिनं पुढं होऊन त्याच्या कोटाच्या बाहीला हात लावला.

तो दचकून वळला. सत्तरीचा म्हातारा, पांढऱ्या मिश्या, डोळे मोठे निर्मळ. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, पोरी! साहेबलोक आत आहेत. दफ्तर चालू आहे."

"दफ्तर? कुठलं दफ्तर?"

"काय?" त्यानं कानामागे हात नेला. "जोरात बोलू नकोस, पण जरा जवळ येऊन बोल. तोपखान्यात कान गेले माझे. संस्थानची फौज दिल्लीच्या फौजेत मिळाली तेव्हा मला घरी पाठवलं. मग इथं लागलो. तुकोजी नाव माझं. चैत्रात यायचं, ताट्या बांधायच्या, ओल्या ठेवायच्या, आषाढात एकदम पगार घेऊन घरी जायचं. सहा उन्हाळे झाले."

सुनंदा त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "दफ्तर गेलं, बाबा! भोपाळला गेलं!"

तुकोजी हसला. लहान मुलाला समजवावं तसं. "अगं, मोठे साहेब जातातच. पूर्वी नाही का, उन्हाळा आला की राजधानी इंदूरला जायची, आणि थंडीत परत यायची? कृष्णराव कधी गेले नाहीत. कारकून कुठं जातो? कारकून इथंच. मी आलो तेव्हा ही दारं आतून उघडीच होती. दार उघडं म्हणजे दफ्तर उघडं."

"तुम्ही आत नाही बघितलं?"

"तोबा! पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तुकोजी, आत जमिनीचे कागद असतात, ताटीच्या आत मान घालायची नाही. पुढचा जिना साहेबलोकांचा, मागचा माझा. सहा सालात एकदा मान नाही घातली."

"मग... पाणी किती सोडायचं, ते कसं कळतं?"

त्याचा चेहरा खुलला. हा त्याच्या कामाचा प्रश्न होता. त्यानं पंजा परत चौकटीवर टेकवला. "असं. ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. कृष्णराव आतून रूळ घेऊन चौकटीवर ठोकायचे. दोन ठोके म्हणजे और छोडो. एक म्हणजे बस, बंद करो." मग त्यानं चौकटीकडे पाहिलं. "यंदा ठोकाच नाही. चैत्रापासून हात लावून उभा आहे. बस म्हणत नाहीत, म्हणून मी बंद करत नाही. सोडून ठेवलंय आपलं, धार आटेपर्यंत. जाड ताटी, पाच वाजेपर्यंत ओली राहते."

सुनंदाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढंच? नुसता एक ठोका? बाड्यावर अकराचे टोले पडत होते. टाकीत अजून निम्मं पाणी असणार. तिनं तुकोजीला खुणेनंच "थांबा" म्हटलं, आणि तो "अरे, अरे, मनाई आहे" म्हणतोय तोवर शेवटची ताटी उचलून आत घुसली.

आत अंधार होता, हिरवा, विहिरीच्या तळाशी असतो तसा. डोळे सरावले तसा एक भला मोठा हॉल दिसायला लागला. काहीही नव्हतं त्यात. टेबल नाही, खुर्ची नाही, कागदाचा एक कपटा नाही. जमिनीवर टेबलांच्या पायांचे चौकोन चौकोन डाग, ओळीत, आणि त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर. भिंतींवर कपाटं काढून नेल्याच्या फिक्या जागा. आणि वर पाच पंखे, कुणाच्याही डोक्यावर नाही असे, मन लावून फिरत होते. इतका गारवा होता की तिच्या अंगावर काटा आला. बाहेर अख्खं शहर भाजून निघतंय, खाली एक बाळंतीण घामानं निथळतेय, आणि शहरातली सगळ्यात थंड जागा ही. कुणाचीच नसलेली.

मधल्या चौकटीपाशी खिडकीची एक सुटलेली खिट्टी पडली होती. तिनं ती उचलली आणि चौकटीवर ठोकली. एकदा. खण्णकन.

पाणी थांबलं. त्याच क्षणी. पाठोपाठ ताटीपलीकडून आवाज आला, गदगदलेला: "जी! जी, कृष्णराव साहेब!"

सुनंदानं खिट्टी छातीशी धरली.

"म्हटलं, नाराज आहात," ताटीला तोंड लावून तुकोजी बोलत होता. बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला वाटतं हळू बोलतोय, पण त्या रिकाम्या हॉलमध्ये तो पाचही दारांतून आल्यासारखा वाटत होता. "बरोबरच आहे. गेल्या जेठ महिन्यात मीच नळ बंद केला. विहीर आटलेली, म्हटलं, थोडं वाचवू. तुम्हाला विचारलं नाही. ताट्या वाळल्या आणि तुम्हाला आत चक्कर आली, उचलून नेलं तुम्हाला. मी घरी गेलो, पण साहेब, झोप नाही लागली मला. म्हणून यंदा... यंदा एक क्षण कोरडी नाही होऊ दिली. माफ केलंत ना? एक ठोका द्या. नुसता एक."

खिट्टी सुनंदाच्या हातात होती. एक ठोका दिला की झालं असतं. उद्याही अकरा वाजता येऊन ठोकायचं, परवाही. टाकी भरलेली, दवाखाना जागेवर, बाबांच्या किल्ल्या बाबांकडे. किती सोपं! पण मग या हॉलमध्ये खरंच एक भूत राहणार होतं, आणि ते भूत ती असणार होती. एका मेलेल्या माणसाची माफी आपण कशी द्यायची? ती द्यायची कुणी?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खिट्टी खाली ठेवली, मधल्या ताटीची दोरी फटीतून हात घालून सोडली आणि ताटी जोर लावून वर उचलली. उन्हाचा एक झोत हॉलमध्ये पडला.

तुकोजीनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. "नको, नको! मनाई आहे!"

"बघा," सुनंदा म्हणाली. त्याला ऐकू गेलं नसेल. तिनं त्याचे हात धरून हळूच खाली केले.

त्यानं पाहिलं.  त्याची नजर एकेका टेबलाच्या डागावरून फिरत गेली, जणू तो माणसं मोजत होता.

"सब गए?" शेवटी तो म्हणाला. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

सुनंदानं मान हलवली.

"आणि कृष्णराव?"

ती त्याच्या कानाशी गेली. तिला खोटं बोलता आलं असतं. भोपाळला आहेत म्हणाली असती तर कोण विचारायला जाणार होतं? "वारले," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. टेबलावर डोकं ठेवलं, ते ठेवलंच."

"दिवाळीच्या आधी?" त्यानं तिचा हात घट्ट धरला. "म्हणजे ऊन नव्हतं तेव्हा?"

"नव्हतं. थंडी पडायला लागली होती."

तुकोजीनं मान खाली घातली. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग तो गॅलरीतल्या खटक्यांच्या पाटीकडे गेला आणि एकेक खटका बंद करायला लागला. एक पंखा थांबला. दुसरा. तिसरा. पाचवा पंखा थांबायला फार वेळ लागला. पाती दिसायला लागली तरी तो फिरतच होता. तो थांबला तेव्हा हॉलमध्ये असा सन्नाटा झाला की सुनंदाला वाटलं, आता इथून खरोखरच कुणीतरी निघून गेलं.

दोन वाजता लीलाताईंनी नळ सोडला. धार पडली. त्यांनी ती पाहिली, नळ बंद केला, परत सोडला, परत बंद केला. "हं," त्या म्हणाल्या. हातगाड्यांचं नावही काढलं नाही. सुनंदाला वाटलं होतं की या क्षणी आपण नाचू, ओरडू, संभाजीरावांच्या बाटल्या पाडू. पण तिला काही ओरडता आलं नाही. दाराबाहेर, सावलीच्या पट्ट्यात, तुकोजी गुडघ्यांना मिठी मारून बसला होता, आणि आता आपण कुठं जायचं हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

तिनं सगळं लीलाताईंना सांगितलं. एका दमात.  मग त्या उठून बाहेर गेल्या.

"तुकोजी," त्या त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "माझ्या बाळंतिणीच्या खोलीला एक खिडकी आहे. पश्चिमेची. भट्टी होते दुपारी. एक ताटी बांधाल?"

तुकोजी उभा राहिला. फौजी माणूस, पटकन उभा राहिला. पण लगेच खाली बघायला लागला.

"बांधतो बाईसाहेब. पण आधी सांगा," तो म्हणाला, "आत कोण आहे?"

संभाजीराव आतून म्हणाले, "बायकांच्या खोलीत पुरुषाला..." लीलाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते परत चिठ्ठ्या डकवायला लागले.

लीलाताई आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं, सकाळीच जन्मलेलं, लालबुंद बाळ घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ते तुकोजीसमोर धरलं. बाळ तोंड उघडून रडत होतं. तुकोजीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो वाकून वाकून पाहत होता.

"एवढंसं?" तो म्हणाला.

"आणि याची आई," सुनंदा ओरडून म्हणाली.

तुकोजीनं खिडकीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, परत बाळाकडे पाहिलं. मनात कसलासा अंदाज बांधला.

"याला नळ नको," तो म्हणाला. "वाया जाईल सगळं. दुपारी एक बालदी, चारला अर्धी. मी हातानं शिंपडीन." आणि मग लीलाताईंची परवानगी मागितल्यासारखं: "पण दर वेळी दाराशी येऊन विचारणार मी, आहेत ना आत. चालेल?"